आधी मैदान, मग बूट : महाराष्ट्रातील मैदानी बास्केटबॉल व रबरी सोलच्या बुटांचा सामाजिक इतिहास

सारांश

रबरी सोलचा कॅनव्हासचा बूट आणि भरवस्तीतील बास्केटबॉल यांचा इतिहास सामान्यतः अमेरिकन शहरांच्या संदर्भात व मोठ्या कंपन्यांच्या यशोगाथेच्या स्वरूपात सांगितला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हा इतिहास महाराष्ट्राच्या बाजूने पाहिला आहे. मुंबईतील नागपाडा हे त्याचे मध्यवर्ती उदाहरण असून न्यूयॉर्कमधील हार्लेम आणि वाशीम जिल्ह्यातील आसेगाव परिसर यांच्याशी त्याची तुलना केली आहे. जेथे घराजवळ खुले सार्वजनिक मैदान आधी आले, तेथे खेळ रुजला आणि बुटाला प्रतिष्ठा नंतर मिळाली. जेथे मैदानाआधी बूटच पोहोचला, तेथे तो केवळ क्रयवस्तू ठरला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मैदानी बास्केटबॉल, पादत्राणे, नागपाडा, सार्वजनिक मैदान, ग्रामीण युवक, क्रीडा-इतिहास.

प्रस्तावना

खेळांच्या इतिहासात खेळाडू, संघ, स्पर्धा आणि विक्रम यांची नोंद तपशिलाने होते. खेळाडूच्या पायाखालची जमीन आणि त्याच्या पायातील जोडा यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः कोणाला खेळता येते आणि कोणाला कडेला उभे राहून पाहावे लागते, हे बऱ्याच अंशी या दोन गोष्टींवर ठरते. जमीन सार्वजनिक असते किंवा खाजगी असते; जोडा परवडतो किंवा परवडत नाही. म्हणून खेळाच्या सामाजिक इतिहासाची सुरुवात पायापासून करणे गैर ठरू नये.

‘स्नीकर’ या शब्दाचे मूळ चोरपावलांनी चालणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदात आहे. रबरी सोलमुळे चालताना आवाज होत नाही, म्हणून हे नाव पडले. मराठीत या शब्दाला स्वतंत्र प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘कॅनव्हासचे बूट’, ‘पी.टी.चे बूट’ आणि अलीकडे ‘स्पोर्ट्स शूज’ अशी नावे आपल्याकडे वापरली जातात. ही तिन्ही नावे म्हणजे या वस्तूच्या प्रवासातील तीन टप्पेच होत. पहिल्या नावात तिचे कापड आहे, दुसऱ्यात शाळा आहे आणि तिसऱ्यात बाजारपेठ आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील अनवाणी क्रीडापरंपरा व पादत्राणांचा सामाजिक अर्थ स्पष्ट करणे.
२) बास्केटबॉल व रबरी सोलचा बूट यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) नागपाडा व हार्लेम येथील मैदानी बास्केटबॉलची तुलना करणे.
४) या इतिहासाच्या आधारे आसेगाव परिसरातील ग्रामीण युवकांच्या क्रीडाविषयक स्थितीचा विचार करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व तौलनिक इतिहासपद्धतीचा अवलंब केला आहे.

१. अनवाणी परंपरा आणि वहाणेचा अर्थ

महाराष्ट्राची पारंपरिक क्रीडासंस्कृती मुख्यतः अनवाणी आहे. तालमीत उतरताना पायातले बाहेर काढून ठेवावे लागते, कारण हौद्यातील लाल माती पवित्र मानली जाते. कुस्ती, मल्लखांब, हुतूतू, आट्यापाट्या, खो-खो यांपैकी एकाही खेळाला मुळात जोड्याची गरज नव्हती. पायाची बोटे मातीत रोवणे हेच या खेळांतील कौशल्याचे एक अंग होते. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या परंपरेला संस्थात्मक रूप दिले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, ही वऱ्हाडाला अभिमानास्पद वाटावी अशी घटना होय.

परंतु अनवाणीपणाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. तालमीत पायातले काढणे हा पैलवानाने स्वेच्छेने पाळलेला आचार होता. गावातील दलितांचे अनवाणीपण हा मात्र त्यांच्यावर लादलेला नियम होता. सवर्णांच्या आळीतून जाताना पायातील वहाणा काढून हातात घेण्याची सक्ती ही अनेक गावांतील जातिव्यवस्थेची रोजची खूण होती. विशेष म्हणजे ज्या चर्मकार समाजाने सर्व गावासाठी पायताणे शिवली, तोच समाज अस्पृश्य मानला गेला. ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीत वहाण ही वस्तू राहत नाही. ती समाजातील एखाद्याची ‘जागा’ बनते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कोट-बुटातील प्रतिमेला दलित समाजाने जे स्थान दिले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवरच उलगडतो. तो बूट पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून पाहिला गेला नाही. तो माणूसपणाचा पुरावा म्हणून पाहिला गेला.

पादत्राणांच्या अभावाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रातही उपस्थित झाला होता. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सविरुद्ध १-२ असा निसटता पराभव त्यांना पत्करावा लागला. त्यांचे कौतुक झाले खरे. परंतु जागतिक खेळाची जमीन यापुढे बुटांचीच राहणार, हेही त्या काळात स्पष्ट झाले. त्यामुळे आपल्याकडील खेळाडूपुढे दोन प्रश्न एकदम उभे राहिले. खेळायचे कोठे, आणि काय घालून?

२. बास्केटबॉलचा उगम आणि रबरी सोलचा बूट

बास्केटबॉल हा शोधून काढलेला खेळ आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून तो रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या, एक चेंडू आणि १३ नियम एवढेच त्याचे भांडवल होते. लगेच १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजातील विद्यार्थिनींना हा खेळ शिकवला. जन्मापासूनच मुलींनाही खुला झालेला खेळ म्हणून त्याची नोंद घ्यावी लागते. कमी जागा, कमी साहित्य आणि मोजके खेळाडू ही त्याची वैशिष्ट्ये दाट वस्तीच्या शहरांना सोयीची ठरली.

या खेळात धाव, उडी आणि एकाएकी थांबणे यांना महत्त्व असल्याने गुळगुळीत लाकडी जमिनीवर पाय न घसरणारा जोडा आवश्यक झाला. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे एकस्व १८४४ मध्ये मिळवले होते. त्यामुळे कापडाला रबरी सोल जोडणे पुढे शक्य झाले. ‘केड्स’ हे नाव १९१६ मध्ये बाजारात आले, तर ‘कॉन्व्हर्स’ कंपनीचा ‘ऑल स्टार’ हा बास्केटबॉलचा बूट १९१७ मध्ये आला. चक टेलर हा खेळाडू गावोगावी प्रशिक्षणवर्ग घेत या बुटाचा प्रसार करीत असे. पुढे त्याचे नावच त्या बुटावर आले. खेळाडू, शिकवणी आणि विक्री यांची सांगड येथे प्रथमच इतक्या पद्धतशीरपणे घातली गेली.

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचा अधिकृत समावेश १९३६ मध्ये बर्लिन येथेच झाला. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर खेळवण्यात आले. अंतिम सामना भर पावसात झाला, चेंडू चिखलात उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडावर १९-८ असा विजय मिळवला. अमरावतीचे पथक ज्या बर्लिनमध्ये अनवाणी भारतीय खेळ दाखवत होते, त्याच शहरात त्याच वर्षी बुटांचा हा खेळ मातीत उतरला, हा योगायोग लक्षणीय आहे. बंद व्यायामशाळेसाठी जन्मलेला हा खेळ उघड्या मैदानावरही तग धरू शकतो, हे या सामन्यांनी सिद्ध केले.

३. नागपाडा : मराठी मिशन ते मैदान

भारतात बास्केटबॉलचा प्रसार प्रामुख्याने वाय.एम.सी.ए.च्या माध्यमातून झाला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ ठिकठिकाणच्या शाळांत नेला. मुंबईत मात्र या खेळाला शाळेपेक्षा वस्तीने अधिक जवळ केले, आणि ती वस्ती म्हणजे भायखळ्यालगतचा नागपाडा.

नागपाड्याच्या या इतिहासाचा धागा एका मराठी संदर्भाशी जोडलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकामुळे (१८४२) हे मिशन मराठी वाचकांस परिचित आहे. याच मिशनतर्फे १९२५ मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ ही संस्था उभी केली. शिकागोमध्ये जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या ‘हल हाउस’सारख्या वस्तीकेंद्रांची कल्पना तिच्यामागे होती. गरीब वस्तीतच राहून वाचनालय, दवाखाना, वर्ग आणि खेळ यांच्याद्वारे लोकांशी नाते जोडावे, अशी ही कल्पना होय. पुढे १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य शाळा याच वास्तूत सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे भारतातील समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाचा आणि मुंबईतील वस्ती-बास्केटबॉलचा पत्ता एकच होता.

नेबरहूड हाउसच्या आश्रयाने रुजलेला हा खेळ हळूहळू संस्थेच्या भिंतींबाहेर पडला. नागपाड्यातील बच्चूखान महापालिका क्रीडांगण आणि जवळच्या मस्तान तलाव परिसरातील वाय.एम.सी.ए.चे मैदान ही त्याची दोन प्रमुख केंद्रे बनली. येथील वैशिष्ट्य असे की मैदान वस्तीच्या मध्यभागी आहे. शाळेतून, कारखान्यातून किंवा दुकानातून परतलेला मुलगा घरी जाण्याआधी मैदानावर येतो. लहान मुले कडेला बसून मोठ्यांचा खेळ पाहतात आणि जागा रिकामी झाली की आत शिरतात. प्रशिक्षणाची ही पद्धत कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नाही. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली पोर घडावे तशी ती आहे.

याच वातावरणातून अब्बास मुंतसीर यांच्यासारखा खेळाडू घडला. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणाऱ्या मुंतसीर यांना १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यातून निघालेल्या खेळाडूंच्या अनेक पिढ्यांनी महाराष्ट्राचे व देशाचे प्रतिनिधित्व केले. खेळाडूंना रेल्वे व इतर मोठ्या आस्थापनांत नोकरी मिळू शकत असल्याने कष्टकरी मुस्लिम कुटुंबांना मुलाचे मैदानावर जाणे वाया गेलेला वेळ वाटत नसे. मैदान, शिकवणारी आधीची पिढी आणि शेवटी नोकरी या तीन पायऱ्या नागपाड्यात एकाच ठिकाणी उपलब्ध होत्या. या साखळीत महागडा बूट कोठेच नव्हता. कॅनव्हासचा साधा बूट घेऊन, तो झिजेपर्यंत वापरून आणि पुढे धाकट्याला देऊनही हा खेळ चालत असे.

तथापि बुटाला नागपाड्यात महत्त्व नव्हते असे नाही. कामाठीपुऱ्याजवळची ‘डेढ गल्ली’ शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या बुटांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. दुरुस्त केलेले, जुने, निर्यातीतून नाकारलेले आणि नकली असे सर्व तऱ्हेचे जोडे तेथे मिळतात. मुंबईच्या स्नीकर-संस्कृतीचा उगम शोधताना वातानुकूलित दालनांआधी या गल्लीकडे पाहिले पाहिजे. शहराच्या कष्टकरी तरुणाने नामांकित बूट प्रथम हाताळला तो अशाच बाजारात.

याच परिसराला लागून असलेल्या गोलपिठ्याचे जग नामदेव ढसाळ यांनी १९७२ मधील आपल्या ‘गोलपिठा’ या काव्यसंग्रहातून मराठी साहित्यात आणले. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले होते. मुंबईची ही वस्ती आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्या यांची तुलना म्हणूनच परकी वाटत नाही. मराठी विचारविश्वाने ती अर्धशतकापूर्वीच केलेली आहे. पुढील विवेचनात ती खेळाच्या संदर्भात पुढे नेली आहे.

४. हार्लेम : मैदानावरून बाजाराकडे

न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत हॉलकोम्ब रकर या उद्यान विभागातील कर्मचाऱ्याने १९५० मध्ये मुलांसाठी बास्केटबॉलची स्पर्धा सुरू केली. मुलांना रस्त्यावरील गुन्हेगारीपासून दूर ठेवणे आणि शिक्षणाकडे वळवणे हा तिचा हेतू होता. पुढे या स्पर्धेत विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, ज्युलियस अर्व्हिंग यांच्यासारखे व्यावसायिक खेळाडूही वस्तीतील तरुणांसोबत खेळले. १९६५ मध्ये रकर यांचे निधन झाले आणि १९७४ मध्ये तेथील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. नागपाडा आणि हार्लेम यांतील साम्य येथे स्पष्ट होते. दोन्ही ठिकाणी महापालिकेची जमीन होती, उपेक्षित समाज होता, आणि खेळाला शिक्षण किंवा नोकरीशी जोडणारे कोणीतरी होते.

फरक पडला तो पुढे. अमेरिकेत मैदानावरील शैली हीच विक्रीची वस्तू बनली. १९७३ मध्ये ‘प्यूमा’ने वॉल्ट फ्रेझर या खेळाडूच्या टोपणनावाने ‘क्लाइड’ हा बूट काढला. ‘नायकी’ कंपनीने १९८४ मध्ये मायकेल जॉर्डन याच्याशी करार केला आणि १९८५ मध्ये ‘एअर जॉर्डन’ ६५ डॉलरला विक्रीस आणला. बुटाच्या रंगसंगतीवर व्यावसायिक संघटनेने घेतलेला आक्षेप कंपनीने जाहिरातीचे भांडवल म्हणून वापरला. १९८६ मध्ये ‘रन-डीएमसी’ या रॅप गायकांच्या गटाने ‘आदिदास’ बुटांवर गाणे केले आणि नंतर कंपनीने त्यांच्याशी करार केला. खेळ, संगीत आणि पोशाख यांचा असा त्रिवेणी संगम झाल्यावर बूट मैदानाची गरज राहिला नाही. तो अंगावर वागवायची ओळख बनला.

या बदलाची किंमत त्याच वस्त्यांनी मोजली. बुटांसाठी होणाऱ्या लुटीच्या व खुनांच्या घटनांवर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने मे १९९० मध्ये मुखपृष्ठकथा केली. एका बुटामुळे मुले मारली जातात, ही त्या समाजाला हादरवणारी गोष्ट होती. या पार्श्वभूमीवर स्टीफन मार्बरी या न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून आलेल्या व्यावसायिक खेळाडूने २००६ मध्ये १४.९८ डॉलर किमतीचा बूट बाजारात आणला आणि तोच बूट घालून तो स्वतः सामने खेळला. १९८५ मध्ये अमेरिकेतील संघीय किमान वेतन ताशी ३.३५ डॉलर होते. म्हणजे पहिल्या ‘एअर जॉर्डन’साठी सुमारे १९ तासांचे काम करावे लागत असे. २००६ मध्ये ५.१५ डॉलर या दराने मार्बरीचा बूट तीन तासांच्या कामात मिळत होता. किमतीतील हा फरक तंत्रज्ञानापेक्षा प्रतिष्ठेच्या आकारणीचा होता, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

५. उदारीकरणानंतरचा महाराष्ट्र

१९९१ पूर्वी भारतात विदेशी बनावटीचे क्रीडाबूट दुर्मीळ होते. बहुसंख्य शाळकरी मुलांसाठी क्रीडाबूट म्हणजे शनिवारच्या पी.टी.साठी खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. आर्थिक उदारीकरणानंतर १९९५-९६ च्या सुमारास बड्या विदेशी कंपन्या भारतीय बाजारात उतरल्या. दूरचित्रवाणीच्या उपग्रह वाहिन्यांनी अमेरिकन बास्केटबॉल घरात आणले. २०१० मध्ये मुंबईसह काही शहरांत अमेरिकन व्यावसायिक संघटनेच्या सहकार्याने हौशी स्पर्धा सुरू झाल्या. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईतील वरळीच्या एन.एस.सी.आय. सभागृहात सॅक्रॅमेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स हे संघ खेळले. त्या संघटनेच्या संघांचे भारतातील हे पहिलेच सामने होत. याच काळात मुंबईच्या वस्त्यांतून ‘गली रॅप’ पुढे आले. २०१५ मधील डिव्हाइन व नेझी यांचे गाणे आणि २०१९ मधील ‘गली बॉय’ चित्रपट यांनी त्याला देशभर नेले. पायातील स्नीकर हा त्या वेशाचा अविभाज्य भाग होता.

वरळीच्या याच सभागृहात २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. मातीतली कबड्डी मॅटवर गेली आणि मॅटवर बूट आवश्यक झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वाधिक अनवाणी खेळानेही अखेर रबरी सोल स्वीकारला. मातीत वाढलेल्या ग्रामीण खेळाडूला निवडचाचणीत एकाच वेळी नवी जमीन आणि नवा जोडा यांना सामोरे जावे लागते. ज्याच्या गावात मॅट नाही, त्याचे कौशल्य कमी नसते. त्याच्या पायाचा सराव वेगळा असतो.

मैदानी बास्केटबॉललाही या काळात अधिकृत मान्यता मिळाली. अर्ध्या मैदानावर, एकाच बास्केटवर, तीन विरुद्ध तीन असा खेळला जाणारा प्रकार २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिम्पिकमध्ये आणि पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झाला. १५ मीटर रुंद व ११ मीटर लांब जागा, ३.०५ मीटर उंचीची एक रिंग आणि एक चेंडू एवढेच त्याला लागते. गल्लीतील खेळ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल. मुलींच्या बाबतीतही आश्वासक उदाहरणे आहेत. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवले आहे. तसेच पंजाबातील बल्लो के या छोट्या गावातील सतनामसिंग हा २०१५ मध्ये अमेरिकन व्यावसायिक संघाने निवडलेला पहिला भारतीय खेळाडू ठरला. त्याच्या मागे लुधियानाची बास्केटबॉल अकादमी होती. खेडे हा अडथळा नाही. खेड्याजवळ संस्था नसणे हा अडथळा आहे.

६. आसेगाव परिसर : बूट आला, मैदान राहिले

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. मंगरुळपीर तालुक्यातील आसेगाव हे सोयाबीन व तुरीवर जगणाऱ्या या पट्ट्यातील एक मोठे गाव. येथे हार्लेम किंवा नागपाड्यासारखे बास्केटबॉलचे मैदान शोधणे अर्थातच अप्रस्तुत होय. तरीही स्नीकर येथे आलेला आहे. तो मोबाइलच्या पडद्यावरून आला, आठवडी बाजारातील नामसाधर्म्य साधणाऱ्या चिन्हांच्या जोड्यांवरून आला आणि लग्नाच्या वरातीतील तरुणांच्या पायांतून आला.

परंतु या भागातील रबरी सोलच्या बुटाची खरी कहाणी पहाटेच्या डांबरी रस्त्यावर आहे. पोलीस भरती, सैन्य भरती यांची तयारी करणारे तरुण-तरुणी झुंजूमुंजू होण्यापूर्वी रस्त्यावर धावताना विदर्भातील कोणत्याही गावाजवळ दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीस ५० गुण असून त्यात पुरुषांसाठी १,६०० मीटर, महिलांसाठी ८०० मीटर, तसेच १०० मीटर धावणे व गोळाफेक यांचा समावेश आहे. अपुऱ्या सोलचा बूट, डांबराचा कठीण पृष्ठभाग आणि अंधारात शेजारून जाणारी वाहने अशा परिस्थितीत ही तयारी चालते. कित्येक जण अनवाणीच धावतात. नागपाड्यातील मुलाला मैदान आणि त्याच्या शेवटी नोकरी होती. येथील तरुणांसमोर नोकरीची आशा आहे, पण मैदानाच्या जागी रस्ता आहे.

बुटाच्या किमतीचा हिशेबही येथे वेगळा पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के व त्यापेक्षा महाग पादत्राणांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे कररचनेच्या दृष्टीने २,५०० रुपयांपर्यंतचा जोडा हा सर्वसामान्यांचा. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी ठरलेला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने २,५०० रुपयांचा ‘सामान्य’ जोडा म्हणजे आठ दिवसांची मजुरी होय. पहिल्या ‘एअर जॉर्डन’साठी अमेरिकन कामगाराला सुमारे अडीच दिवस काम करावे लागत होते, हे येथे स्मरणात ठेवावे. ज्याला आपण गरजेचा बूट म्हणतो, तो शेतमजुराच्या मुलासाठी त्या काळातील चैनीच्या बुटापेक्षाही दूर आहे.

म्हणून ग्रामीण विद्यार्थ्याने घेतलेल्या नकली बुटाकडे उपहासाने पाहणे योग्य नव्हे. ज्या समाजाच्या काही घटकांना दोन-तीन पिढ्यांपूर्वी पायातले काढून हातात घ्यावे लागत होते, त्यांच्या मुलाने चमकदार जोडा घालून महाविद्यालयात येण्यात केवळ फॅशन पाहणे म्हणजे इतिहास न पाहणे होय. त्याचबरोबर, या प्रतिष्ठेचा मार्ग केवळ खरेदीतूनच जातो असे बाजार त्याला सांगत असेल, तर तो मार्ग अपुरा आहे हे दाखवून देणे हे शिक्षकांचे काम आहे. अंगावरची ओळख विकत मिळते; मैदानावर कमावलेली ओळख मात्र कोणी विकत घेऊ शकत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रात पादत्राण ही केवळ उपयुक्त वस्तू नाही. जातीय अवमान आणि आत्मसन्मान या दोहोंचा इतिहास तिच्यात साठलेला आहे. क्रीडाबुटाचा अभ्यास या इतिहासापासून तोडून करता येत नाही.

२) नागपाडा आणि हार्लेम या दोन्ही ठिकाणी मैदानी बास्केटबॉल रुजण्यामागे सार्वजनिक जमीन, वस्तीतील मार्गदर्शक आणि शिक्षण-रोजगाराची जोड ही कारणे होती. बूट हे कारण नव्हते, परिणाम होता.

३) बाजाराने मैदानावरील शैली उचलून तिची वस्तू केली तेव्हा बुटाचा प्रसार झाला, मैदानांचा प्रसार त्या प्रमाणात झाला नाही. आसेगावसारख्या परिसरात ही तफावत सर्वाधिक जाणवते.

४) अर्ध्या मैदानावरील बास्केटबॉलला लागणारी जागा व खर्च पाहता संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील ग्रामीण महाविद्यालयांना तो सहज स्वीकारता येण्याजोगा आहे. त्याहून तातडीची गरज म्हणजे महाविद्यालयांची उपलब्ध मैदाने पहाटे व सायंकाळी परिसरातील तरुणांना, विशेषतः मुलींना, सुरक्षितपणे खुली करणे. विद्यार्थी-कल्याण निधीतून क्रीडाबुटांची ‘जोडा-पेढी’ सुरू करता येईल. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसा भरतीच्या काळात विद्यार्थ्याने तेथून जोडा न्यावा आणि परत करावा.

मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात किंवा रकर यांनी हार्लेममध्ये कोणताही मोठा प्रकल्प राबवला नव्हता. वस्तीजवळची एक जागा त्यांनी मुलांसाठी उघडी केली आणि ती उघडी राहील अशी व्यवस्था केली. आपल्या महाविद्यालयांजवळ जागा आहे, शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आहेत आणि पहाटे रस्त्यावर धावणारी मुले फाटकापर्यंत आलेलीच आहेत. त्यांच्यासाठी ते फाटक उघडणे एवढे तरी आपल्या हाती आहे.